तांबडी कासवं

शूचिनने जावेकडे एवढंच मागितलं होतं, की उद्या आपल्या वडिलांच्या बशीत कासव येऊ नये.

सासूबाई गेल्यापासून त्साय घराचं स्वयंपाकघर थोरल्या सुनेच्या, यूएचनच्या हातात होतं. धाकटा दीर वनहाय आणि शूचिन यांच्या मुलाचा, आनिंगचा, पहिला वाढदिवस म्हणून तिने आदल्या दुपारीच तांदळाच्या पिठात तांबडा रंग घालून उकड मळायला घेतली होती. मुगाच्या पुरणाचे गोळे ताटात मांडलेले होते. साचा सासूबाईंच्या लग्नातला, लाकडी. एका अंगाला कासव कोरलेलं, दुसऱ्या अंगाला पीचचं फळ.

"बाकीच्यांना कासवंच कर, ताई," शूचिन म्हणाली. "फक्त माझ्या बाबांना पीचची दे. साचा उलटा धरायचा, झालं."

"का गं? कासव म्हणजे लांब आयुष्य. व्याह्यांना नाही वाढायचं तर कुणाला वाढायचं?"

"आमच्या उत्तरेत, शानतुंगात, ती शिवी आहे."

यूएचनने मळता मळता मान वर केली. शूचिनने दाराकडे पाहिलं. अंगणात कुणी नव्हतं, फक्त पलीकडच्या छपरातून छिन्नीचा आवाज येत होता. सासरे काहीतरी कोरत बसले होते.

"ज्याची बायको दुसऱ्याकडे निघून जाते ना, त्याला आमच्याकडे कासव म्हणतात."

"मग त्याचं तुझ्या बाबांना काय? तुझी आई तर वारली."

शूचिनने उकडीला पाण्याचा हात लावला. मग म्हणाली, "वारली नाही. गेली. आमच्या रेल्वे कारखान्यातल्या एका माणसाबरोबर. मी सहा-सात वर्षांची असेन. त्या आठवड्यात कुणीतरी आमच्या दारावर हे एवढं काळं कासव रंगवून ठेवलं. बाबा चाकूने खरवडत बसले होते." तिने पाण्याचा हात पुसला. "वनहायला ती निघून गेली एवढं माहीत आहे. दाराचं त्यालाही नाही सांगितलं."

यूएचनने पिठाने भरलेला हात तसाच तिच्या मनगटावर ठेवला. "माझ्या तोंडून कुणाला कळायचं नाही," ती म्हणाली, आणि म्हणताना तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. लगेच साचा उलटा करून तिने पीचच्या थोड्या वड्या पाडल्या आणि वेगळ्या वाडग्याखाली झाकून ठेवल्या.

संध्याकाळी शूचिनचे वडील, लुआन तहोऊ, आले. फूचौपर्यंत आगगाडी, तिथून बस. उंच, पाठीत वाकलेला माणूस, हातात एक पुडकं. त्यात नातवासाठी वाघाच्या तोंडाचे बूट आणि तशीच टोपी होती. शेजारणीकडून शिवून आणलेली. वाघाच्या कपाळावरचं 'राजा' हे अक्षर जरा तिरकं झालं होतं. "शेजारीण म्हणाली, तिरका असला तरी वाघच," ते म्हणाले. शूचिन हसली. वडील इतकं बोलले म्हणजे प्रवास बरा झाला असणार, असं तिला वाटलं.

*

सकाळी यूएचन केळीची पानं कापत होती तेव्हा बाहेर शिडी लावल्याचा आवाज आला.

ती दारात आली. सासरे, थिएनसोंग, खाली उभे राहून हाताने खुणा करत होते. तिचा नवरा क्वांगयाओ शिडीवर, धाकटा दीर वनहाय शेजारच्या स्टुलावर, आणि दोघांच्या मधे दाराच्या चौकटीवर बसत असलेला दगड. उन्हाळ्यापासून छपरात पोत्याखाली झाकलेला तो हाच. देवळाचं काम असेल असं ती समजत होती. पोतं निघालं तेव्हा आतून छीलिन निघाला. अंगावर खवले, डोक्याला शिंग, हरणाचे खूर, आणि पाठीवर हातात कमळ धरून बसलेलं गुटगुटीत पोर. घरात मुलगा आणून देणारा प्राणी. खवला न् खवला वेगळा उठवला होता. हात थरथरायला लागल्यापासून म्हाताऱ्याने इतकं बारीक काम केलं नव्हतं.

गल्लीतले लोक थांबून बघत होते. "नातवाचं नशीब," कुणीतरी म्हणालं.

यूएचनची थोरली आलियेन नऊ वर्षांची. ती आईच्या कमरेला टेकून वर बघत होती. "आई, मी झाले तेव्हा कुठला प्राणी बसवला होता?"

"तेव्हा आजोबांना काम फार होतं."

"आणि धाकटी झाली तेव्हा?"

"तेव्हाही."

क्वांगयाओ शिडीवरून उतरला. घाम पुसत, खुशीत. यूएचनने त्याला आत ओढलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो. बाबा म्हणाले होते, घरातल्या बायकांना आत्ताच सांगू नकोस."

"घरातल्या बायकांना म्हणजे मला."

"अगं, गंमत म्हणून."

"तुमच्या मुलींच्या वर्षाच्या वाढदिवसाला तुम्ही दगडाच्या खाणीत गेला होतात. मी आणि सासूबाईंनी दोन अंडी रंगवली होती. आठवतंय?"

"आज नको ना हे," तो हळूच म्हणाला. "व्याही आलेत घरात."

व्याही आलेत घरात. स्वयंपाकघरात परतल्यावर यूएचन वाडग्यासमोर उभी राहिली. पहाटेपासून ती उभीच होती. नूडल्सचा रस्सा, कालवांचे घावन, माशाचे गोळे, सगळं तिच्या हातचं, आणि सकाळपासून कुणी तिला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. तिने वाडगा उचलला, पीचच्या वड्या मुलींच्या हातात दिल्या आणि म्हणाली, "खा. गरम आहेत तोवर खा."

मग तिने पाहुण्यांच्या बशीत कासवं रचली.

*

अंगणात गोल टेबलं मांडली होती. थिएनसोंगांनी व्याह्यांना स्वतःच्या उजव्या हाताला बसवलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. थिएनसोंग आयुष्यभर समुद्राकाठच्या या गावाचीच बोली बोलले होते. उत्तरेची भाषा त्यांना शब्दाशब्दाने कळायची. वनहाय मधे बसून इकडचं तिकडे करत होता.

"त्यांना सांग, वाघाचे बूट फार छान आहेत. आमच्याकडच्या दगडी सिंहांना घाबरवतील."

वनहायने सांगितलं. लुआन हसले. थिएनसोंगांना माणूस आवडला होता. दगडाच्या कामाकडे त्याने सकाळी बराच वेळ बघितलं होतं, हात मागे बांधून, आणि छीलिनच्या पायाखालचं वटवाघूळ फक्त त्यानेच ओळखलं होतं. वटवाघळाच्या आणि भाग्याच्या शब्दाचा उच्चार एकच; बोट दाखवून तो 'भाग्य' म्हणाला होता, आणि तो एक शब्द थिएनसोंगांना कळला होता.

यूएचनने बशी आणून ठेवली. थिएनसोंगांनी वरचं मोठं कासव उचललं आणि दोन्ही हातांनी व्याह्यांपुढे धरलं. "पहिला मान तुमचा. शंभर वर्षं जगा."

लुआन यांचा हात वर आला आणि थांबला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला शूचिनने बाळाला घट्ट धरलं. तिने जावेकडे पाहिलं. यूएचन बाजूलाच उभी होती, रिकामं तबक हातात धरून.

"बाबा, आग्रह नका करू त्यांना," यूएचन म्हणाली. हे तिने गावच्या बोलीत म्हटलं नाही. रेडिओवर ऐकून, शाळेत शिकून जी उत्तरेची भाषा तिला येत होती, तीत म्हटलं, सावकाश, शब्द न् शब्द सोडवून. "त्यांच्याकडे कासव बशीत वाढत नाहीत. दारावर रंगवतात."

क्वांगयाओचा चुलतभाऊ शिश्येन बरीच वर्षं उत्तरेतल्या थिएनचिन शहरात गवंडीकाम करून आला होता. तो एकटाच हसला, नाकातून, चटकन, आणि लगेच त्याने चहाचा पेला तोंडाला लावला. तो हसला म्हणून क्वांगयाओ हसला. दोघं हसले म्हणून थिएनसोंगही हसले.

"काय म्हणाली ती?" त्यांनी वनहायला विचारलं.

वनहायच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "म्हणाली, की... कासव शुभ असतं."

"अरे, मग तेच तर मी म्हणतोय," थिएनसोंग म्हणाले, आणि कासव आणखी पुढे केलं.

लुआन यांनी यूएचनकडे पाहिलं नाही. शिश्येनकडेही नाही. त्यांनी मुलीकडे पाहिलं. रागाने नाही; रस्त्यात कुणीतरी ओळखीचं दिसावं आणि नाव आठवू नये, तसं. शूचिनची मान आपोआप खाली गेली. तिला वाटलं, बाळाच्या डोक्यामागे आपला चेहरा लपवता आला तर बरं.

मग लुआन यांनी दोन्ही हातांनी कासव घेतलं, खालचं केळीचं पान हळूच सोललं, आणि खायला लागले. घाईने नाही. पाठ, पाय, डोकं, सगळं. पुरण घशाशी अडकलं तेव्हा चहा प्यायले आणि पुन्हा खाल्लं. शेवटचा तुकडा खाऊन त्यांनी बोटं पुसली आणि थिएनसोंगांना मोडक्या बोलीत, बहुधा सकाळीच जावयाकडून शिकलेलं, "फार चांगलं" असं म्हटलं.

वर्षाच्या बाळाला लांब आयुष्य लाभावं म्हणून उकडीच्या कासवावर उभं करतात; त्याची वेळ झाली. हा मान आईच्या माहेरचा. लुआन उठले. त्यांनी आनिंगच्या काखेत हात घालून त्याला उचललं आणि त्याचे नवे बूट तांबड्या उकडीवर टेकवले. बाळाला मऊ लागलं म्हणून ते खदखदून हसलं आणि पाय आपटायला लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लुआन यांनी हात सोडले नाहीत. त्यांचं तोंड फक्त शूचिनच्या जागेवरून दिसत होतं, आणि ती बघत नव्हती.

*

पाहुणे पांगल्यावर थिएनसोंगांनी शिश्येनला छपरात बोलावलं. व्याह्यांचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढून जात नव्हता.

"तू का हसलास?"

शिश्येनने आढेवेढे घेतले. मग सांगितलं. उत्तरेत कासव म्हणजे काय, आणि यूएचन खरं काय बोलली.

म्हातारा अर्धवट कोरलेल्या सिंहाच्या पाठीवर बसला. मग दोन्ही मुलांना आणि थोरल्या सुनेला बोलावून घेतलं.

"वनहाय, तू मला खोटं सांगितलंस."

"हो, बाबा."

"तुझ्या सासऱ्याला भर पंगतीत शिवी दिली, आणि तू बसून राहिलास."

"काय बोलावं ते सुचलं नाही मला."

"तू गप्प राहिलास. आणि मी हसलो." त्यांनी पुन्हा तेच म्हटलं, "मी हसलो. आणि वर त्यांना खायला लावलं." मग ते सुनेकडे वळले. "तुला त्यांनी काय केलं होतं?"

"काही नाही," यूएचन म्हणाली.

"मग?"

"त्यांना नाही म्हटलं मी ते. तुम्हाला म्हटलं. तुमच्या पाहुण्याला बोलले, म्हणजे तुम्हाला लागेल म्हणून."

"काय बोलतेस तू?" क्वांगयाओ पुढे झाला.

"तुम्ही मधे पडू नका. शिडीवर होतात तेव्हा बरे खुश होतात." तिचा आवाज चढला नाही. "बाबा, आलियेन झाली तेव्हा तुमचे हात कापत नव्हते. धाकटी झाली तेव्हाही नव्हते. हरीण नाही, सारस नाही, साधा मासासुद्धा नाही कोरलात. आज कापत्या हातांनी तुम्ही तो दगड केलात. आलियेनने मला सकाळी विचारलं, माझ्या वेळी कुठला प्राणी बसवला होता. काय सांगू तिला?"

क्वांगयाओ काही बोलणार होता. त्याने बापाकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि या वेळी तो बायकोच्या बाजूला जाऊन उभा राहिला. "ती चुकली, बाबा," तो म्हणाला, "पण हे खरं आहे."

वनहाय हळूच म्हणाला, "आम्ही छीलिन काढून ठेवतो."

"खबरदार काढलात तर," यूएचन म्हणाली. "त्या पोराने काय केलंय?"

थिएनसोंग स्वतःच्या हातांकडे बघत होते. बोटांच्या फटीत दगडाची पांढरी भुकटी कायमची बसलेली. या हातांनी त्यांनी गावोगावच्या देवळांसाठी कासवं केली होती, सिंह केले होते, माणसांना हवं ते सगळं. घरातल्या दोन मुलींना काही हवं असेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. आलं असतं आणि नाही म्हटलं असतं, तर निदान दुष्टपणा तरी केला असं म्हणता आलं असतं.

"तुझं मी ऐकलं," ते शेवटी म्हणाले. "पण त्या माणसाची माफी मागायची ती तू नाहीस मागायची. घर माझं आहे."

ते उठले. वनहाय बरोबर निघाला तर त्यांनी हाताने त्याला थांबवलं. "दुभाष्या नको. आधीच एकदा खोटं सांगितलंस."

यूएचन छपराच्या दारातून बघत राहिली. अंगणात लुआन खुर्च्या उचलून एकावर एक ठेवत होते. थिएनसोंग त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले, काहीतरी बोलले, आणि कमरेत वाकले. म्हाताऱ्याचं वाकणं अर्ध्यावर अडखळलं, गुडघे दुखत होते, तरी त्यांनी पुरतं वाकूनच दाखवलं. लुआन यांनी खुर्ची टाकली आणि त्यांना कोपराला धरून उठवलं. ते एका भाषेत बोलत होते, हे दुसऱ्या. दोघांनाही काही कळत नसावं. थिएनसोंग पुन्हा वाकू लागले तेव्हा लुआन यांनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि सोडलेच नाहीत.

देव सोडून सासरे कुणासमोर वाकलेले यूएचनने बघितले नव्हते. तिला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. ती आत गेली, चहा केला, आणि व्याह्यांपुढे नेऊन ठेवला. बोलायचं ठरवलेलं सगळं ती उत्तरेच्या भाषेत मनात जुळवत होती. मघाशी तिच्या तोंडातून सरळ आलेली भाषा आता येईना.

"शूचिनची चूक नाही," एवढंच तिला म्हणता आलं. "तुम्हाला वाचवावं म्हणूनच तिने मला सांगितलं होतं."

लुआन यांनी पेला घेतला. "बसा जरा," ते म्हणाले. "सकाळपासून उभ्या आहात तुम्ही."

ती बसली नाही. तिथून निघून गेली आणि न्हाणीघराचं दार लावून घेतलं.

*

शूचिन समुद्राच्या बाजूच्या बांधावर बाळाला घेऊन बसली होती. ओहोटी लागली होती. खाली पिवळ्या टोप्या घातलेल्या बायका कालवं काढत होत्या. वडील येऊन शेजारी बसले. बाळ त्यांच्या मांडीवर आलं आणि झोपून गेलं.

शूचिनला 'माफ करा' हे शब्द फार छोटे वाटत होते, आणि दुसरे नव्हते.

"तू तेव्हा मला विचारलं होतंस," वडील म्हणाले, "की दारावर काय आहे."

"हं."

"मी म्हटलं, कासव. शुभ असतं. या घरातल्या माणसांना लांब आयुष्य मिळावं म्हणून कुणीतरी काढलंय. तू विचारलंस, मग खरवडता कशाला? मी म्हटलं, नीट काढलं नाही, पुन्हा काढायला सांगू."

"हो."

"दुसऱ्या दिवशी तू शाळेत गेलीस. मी कारखान्यात उभा होतो आणि सारखं वाटत होतं, ही आता तिथे सगळ्यांना सांगत असेल. आमच्या दारावर शुभ कासव आहे म्हणून. आणि पोरं..." ते थांबले. "तुझी आई गेली, त्याचं दुःख झालं. दारावरचं कासव, त्याचा राग आला. पण लाज मला त्या खोट्याची वाटते. आजपर्यंत. स्वतःला वाचवायला मी तुला हसं करून घ्यायला पाठवलं. संध्याकाळी तू आलीस ती नेहमीसारखी. काही बोलली नाहीस. मला वाटलं, सुटलो, हिने कुणाला सांगितलं नाही."

शूचिन पाण्याकडे बघत होती. "सांगितलं होतं मी. पहिल्याच तासाला. सगळा वर्ग हसला. मधल्या सुट्टीत एका मुलीने मला अर्थ सांगितला."

वडील तिच्याकडे वळले. "मग घरी येऊन का नाही बोललीस?"

"तुम्ही इतकं मन लावून सांगितलं होतंत. म्हटलं, यांना वाटू दे मला खरं वाटलंय."

"सात वर्षांची होतीस तू."

"हो."

लुआन यांनी बाळाच्या पाठीवरचा हात उचलला, पुन्हा ठेवला. खालच्या बायकांपैकी कुणीतरी दुसरीला हाक मारत होती.

"जावेला सांगायच्या आधी तू मला विचारायला हवं होतंस," ते म्हणाले.

"तुम्ही नको म्हटलं असतं."

"नकोच म्हटलं असतं."

"माहीत होतं. म्हणून नाही विचारलं. चुकलंच माझं, बाबा."

त्यांनी ते नाकारलं नाही. वारा वाढला होता. त्यांनी स्वतःचा कोट बाळावर ओढला आणि त्याला खांद्यावर घेऊन सावकाश उभे राहिले.

"चल आत. जेवायला थांबले असतील सगळे. आपण इथेच बसून राहिलो तर त्यांना वाटेल, मी रुसलोय."

"रुसला नाहीत?"

"रुसलोय," ते म्हणाले. "पण ते त्यांना कशाला कळायला हवं."